आत्याच्या हातातलं गाणं

भिंगरी चष्म्याच्या दुकानात शिरली तेव्हा आत्या एका गिऱ्हाइकाच्या कानांशी झगडत होती. माणूस सज्जन होता, पण त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर वर होता, त्यामुळे कुठलीही फ्रेम तोंडावर कलंडलेल्या होडीसारखी दिसत होती. आत्याने फ्रेमची काडी गरम केली, वाकवली, पुन्हा बसवली आणि जरा मागे सरून पाहिलं. "आता हसून दाखवा," ती म्हणाली. तो हसला. होडी सरळ झाली होती.

तो बाहेर पडल्यावर भिंगरी काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "आत्या, मला तुझे हात हवेत."

"का? पुन्हा घर बदलताय की काय?"

"नाही गं. गाण्यासाठी. वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरलाय. बाबा पहिल्या रांगेत बसणार. माझे दोन्ही हात गिटारवर असणार. तर मी गाईन, आणि तू बाजूला उभं राहून ते बाबाला हातांनी सांगायचं."

"हात्तिच्या! एवढंच ना?" आत्या म्हणाली.

हे 'एवढंच ना' तिला पुढे चांगलंच जड गेलं.

दादा म्हणजे भिंगरीचा बाप, आत्याचा थोरला भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आत्या त्याच्या पाठची. घरात तोंडाची आणि हातांची अशा दोन्ही भाषा तिच्या कानाडोळ्यांत एकदमच शिरल्या. आई सांगायची, की पोरीने पहिला शब्द उच्चारला तो ओठांनी नव्हे, मुठीने. दूध मागितलं होतं. तेव्हापासून ती दादाची दुभाषी झाली ती झालीच. डॉक्टरकडे ती, शाळेत ती, बसच्या कंडक्टरशी हुज्जत घालायला ती. दादाचं लग्न ठरवताना दोन्ही घरच्यांच्या मधे बसून मुलीचे प्रश्न मुलाला आणि मुलाची उत्तरं मुलीला सांगणारीही तीच. पुढे वहिनी घरी येऊन खुणा शिकल्या. "स्वयंपाक आणि भांडण, एवढ्यापुरतं मला सगळं येतं," असं त्या म्हणत, आणि दादाचं म्हणणं होतं की संसाराला तेवढं पुरतं.

दादा छापखान्यात यंत्रावर होता. दिवसभर एवढा खडखडाट, की बाकीचे कामगार कानात कापसाचे बोळे घालत. हा मात्र रविवारच्या बागेत बसावं तसा बसे. पन्नाशी उलटली होती, चष्म्याचा नंबर वाढत होता, बाकी तक्रार नव्हती.

भिंगरी त्याची एकुलती एक. तिला ऐकू येत होतं, नुसतं येत नव्हतं तर ती गात होती. दोन मैत्रिणींना घेऊन तिने गाण्यांचा छोटा जथा जमवला होता. गाणी स्वतःच लिहायची, आणि लिहायची इंग्रजीत. "तुला आपल्या भाषेत काटे टोचतात का गं?" आत्याने एकदा विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली, "आत्या, आम्ही तिघी तीन घरच्या तीन भाषांच्या. आम्ही रुसतोसुद्धा इंग्रजीत. मग गाऊ कशात?"

आधीच्या एका कार्यक्रमाला भिंगरीने बापाच्या हातात फुगवलेला फुगा दिला होता. कुठेतरी तिने वाचलं होतं, की ऐकू न येणाऱ्या माणसाने फुगा छातीशी धरला की गाण्याची थरथर त्यातून हातांत उतरते. दादा दीड तास फुगा धरून बसला. घरी आल्यावर भिंगरीने मोठ्या आशेने विचारलं, "काय कळलं?"

दादाचे हात म्हणाले, "आत काहीतरी चाललंय एवढं कळलं. ते मला आधीही माहीत होतं." आणि थोडं थांबून, "बेटा, मला शब्द हवेत. तू काय म्हणतेस ते हवंय. थरथर मला छापखान्यात पुष्कळ मिळते."

म्हणून आत्या.

संध्याकाळी आत्या भिंगरीने दिलेले कागद घेऊन खिडकीशी बसली. तिचं इंग्रजी चष्म्याचे नंबर, बँक, सरकारी पाट्या यांतून बेताबेताने जमलेलं. शब्द एकूण एक ओळखीचे होते. पण ओळखीची माणसं परगावच्या लग्नात भेटली की जशी भलतीच वागतात, तसं या शब्दांचं झालं होतं. एका ओळीत मुलगी आपलं हृदय शर्टाच्या बाहीवर घालून हिंडत होती. दुसरीत तिच्या पोटात फुलपाखरं होती. तिसरीत तिने पूल जाळले होते. आणि चंद्र तर जिथे तिथे: कुणीतरी तो टांगला होता, कुणी आनंदाने त्याच्यावरून पलीकडे गेलं होतं, आणि एका ठिकाणी तो चक्क निळा होता.

ती आरशासमोर उभी राहिली आणि पहिली ओळ जशीच्या तशी हातांनी करून पाहिली. छातीतून हृदय काढलं, दंडाखाली आणून बाहीवर दाबून बसवलं. आरशात पाहिलं तर बाई स्वतःवरच शस्त्रक्रिया करतेय असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या मालकांना विचारलं. मालक वयाने मोठे, आणि आपलं इंग्रजी गोऱ्या साहेबाच्या बरोबरीचं आहे अशी त्यांची समजूत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "आय हॅव बटरफ्लाइज इन माय स्टमक." मग गंभीरपणे म्हणाले, "बाहेरचं काहीतरी कच्चं खाल्लं असणार. जंताचं औषध द्या पोरीला."

"आणि हे बाहीवरचं?"

"फॅशन हो. हल्ली कशावर काय चिकटवतील त्याचा नेम नाही."

आत्याने कागद परत घेतला आणि रविवारी सरळ दादाचं घर गाठलं. दादा मित्रांकडे गेला होता, वहिनी आत भाजी चिरत होत्या. आत्याने भिंगरीला समोर बसवलं.

"हं. बाहीवरच्या हृदयापासून सुरू कर. म्हणजे काय?"

"म्हणजे... आत्या, ते फील करायचं असतं गं."

"फील तू कर. मला दोन हात आहेत, आणि तुझ्या बापाला दोन डोळे. फीलला मी हात कुठला लावू?"

भिंगरी हिरमुसली. पण आत्याही हटणारी नव्हती. मग हळूहळू एकेक गाठ सुटू लागली. बाहीवर हृदय म्हणजे मनातलं काहीही लपवायचं नाही, जे असेल ते तोंडावर दिसणार. "असं बोल की! मनात एक, ओठात एक असं नसणारी," आत्या म्हणाली आणि तिने दोन्ही तळवे छातीवरून उचलून चेहऱ्यासमोर पुस्तकासारखे उघडले. भिंगरीचे डोळे चमकले. "हो! अगदी हेच!"

पोटातल्या फुलपाखरांवर मात्र बराच वेळ गेला.

"आपल्या पोटात गोळा येतो," आत्या म्हणाली. "पण तो भीतीचा."

"ही भीती नाही. म्हणजे आहे, पण हवीशी वाटणारी. जो आवडतो तो समोर येतो ना, तेव्हाची."

आत्या विचारात पडली. मग तिने स्वयंपाकघराच्या दिशेने नजर टाकली आणि ती गालात हसली. "तुझा बाप तुझ्या आईला पहिल्यांदा भेटायला निघाला तेव्हा त्याने शर्टाची बटणं तीनदा चुकीच्या काजांत घातली. मी नीट करून दिली, तर जिन्यात पुन्हा सोडून पुन्हा चुकवली." आणि तिने बोटं शर्टावरून थरथरत नेली, बटण शोधणारी, सापडलेलं सोडणारी. "हे चालेल?"

"आत्या!" भिंगरी टाळी वाजवून म्हणाली. "फुलपाखरांपेक्षा हे बरंय!"

पुलांपाशी भांडण झालं. आत्याने समजून घेतलं, की पूल जाळणं म्हणजे परत जायची वाटच बंद करणं. "आपल्याकडे परतीचे दोर कापतात, यांच्याकडे पूल जाळतात. कळलं. पण जाळले कुणी?"

"मी."

"कुणाशी?"

"असंच गं. गाण्यात."

"अगं, त्या ढोल वाजवणाऱ्या मैत्रिणीशी तू कडाकडा भांडलीस आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी डबा घेऊन गेलीस. मग मधे पूल जाळायला तुला सवड कधी मिळाली?"

आतून वहिनींचा हसण्याचा आवाज आला. मग भिंगरीने चिडून कागद ओढला, पेन्सिलीने ती ओळ खोडली, बराच वेळ शिसपेन चावत बसली आणि शेवटी नवीन ओळ लिहिली: मी जाते म्हणते आणि दारातच माझी छत्री विसरते. इंग्रजीत ती अधिकच बरी लागली. तिने गुणगुणून पाहिली, पुन्हा गुणगुणली आणि आत्याकडे न पाहता म्हणाली, "ही जास्त खरी आहे." जिंकल्यावर गप्प बसावं हे तिला वयाने शिकवलं होतं.

असे दोघींचे दिवस मजेत चालले होते, आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आत्या अडखळली.

गाणं दुरावलेल्या जिवलगाचं होतं. मी तुला हाका मारत राहिले, असं म्हणून पुढे होतं: यू टर्न्ड अ डेफ इअर. तू माझ्याकडे बहिरा कान फिरवलास. अर्थ सरळ होता, त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण ही ओळ तिला बहिऱ्या भावासमोर उभं राहून सांगायची होती. भिंगरीला सांगावं, तर पोर शरमेने अर्धी होईल. आत्याने मनाशी ठरवलं, हातांनी 'त्याने ऐकलं नाही' एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. आयुष्यभर तिने असंच केलं होतं. डॉक्टरचा तुटकपणा, कंडक्टरची शिवी, असलं काही दादापर्यंत नेताना ती वाटेतच चाळून घ्यायची. दादाला ते नेहमी कळायचं, कारण तिचे हात खोटं बोलले तरी भुवया बोलत नसत.

दोन दिवसांनी दादा स्वतःच दुकानात आला. चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या झिजून नाकाला वळ पडले होते. आत्या चष्मा घेऊन बारीक स्क्रू काढायला बसली. दादाला जवळचं बिनचष्म्याचं दिसे. काउंटरवर गाण्यांचे कागद पडले होते. छापखान्यातल्या माणसाला समोर कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही.

आत्याने मान वर केली तेव्हा त्याचं बोट एका शब्दावर होतं. तो शब्द त्याला चांगला ठाऊक होता. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर होता, बसच्या पासवर होता, दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर होता. जन्मभर हा शब्द दादाच्या आधी खोलीत शिरत आला होता.

"हा मी," दादाचे हात म्हणाले. "मी गाण्यात काय करतोय?"

आत्याने चष्मा त्याच्या डोळ्यांवर बसवला. तेवढाच वेळ मिळाला. मग म्हणाली, "तू नाहीस. ती बोलण्याची पद्धत आहे. ऐकू येत असून न ऐकल्यासारखं करायचं, त्याला तसं म्हणतात."

"म्हणजे ढोंग."

"हो."

"मी ढोंग करत नाही."

"तू नाही रे दादा—"

"मग त्याला बहिऱ्याचं नाव का?"

मालक पाठमोरे होऊन पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागले. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जे सुचलं ते बोलली, "आपल्या भाषेतही त्याला शब्द आहे. त्यात बहिरा नाही." आणि तिने आधी कानाला बोट लावलं, मग डोळ्याला. कानाडोळा.

दादाने तीच खूण करून पाहिली. कान. डोळा. पुन्हा कान, पुन्हा डोळा. "याचा अर्थ काय?"

"दुर्लक्ष करणं."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या खांद्यांना हिसका बसला आणि तो हसू लागला, त्याचं ते मोकळं, मापात न बसणारं हसू, ज्याने रस्त्यावरची माणसंही वळून बघत. "कानाचं काम डोळ्याला दिलं, म्हणजे दुर्लक्ष? अगं, मी जन्मभर तेच करतोय! सगळं कळतं ते त्यामुळेच! तुम्हा ऐकणाऱ्यांची भाषा कुणी केली? त्याला एकदा बोलवा माझ्याकडे!"

आत्याही हसली. पण कागद खाली ठेवताना दादाने तो इंग्रजी शब्द अंगठ्याखाली झाकला होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मी सांगते भिंगरीला. ती बदलेल," आत्या म्हणाली.

"तू नको. माझी मुलगी आहे. मी बोलतो."

त्या संध्याकाळी आत्या काही ना काही निमित्त काढून दादाकडे गेलीच. जेवणं आटोपली होती. दादाने भिंगरीसमोर कागद ठेवला आणि बोटाने ओळ दाखवली. आधी तिला कळेना. मग कळलं, आणि तिचा चेहरा कुणी दिवा मालवावा तसा झाला.

"बाबा," तिचे हात अडखळत होते, "माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच. मी आत्ताच्या आत्ता बदलते." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

दादाने तिची मनगटं धरली. खुणा करणाऱ्याची मनगटं धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. पण त्याने ती हळूच धरली आणि सोडली. "डोक्यात आलं नाही? लिहिताना एकदाही मी आठवलो नाही?"

"नाही ना! तू कसा आठवशील? तू सगळं ऐकतोस. या घरात कुणी ऐकत नसेल तर ती आई!" हे तिच्या तोंडूनही मोठ्याने निघालं.

"मला सगळं ऐकू येतंय हं!" स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. आत्याने तेही सवयीने दादाला सांगितलं.

दादा खुर्चीत मागे टेकला. मग तो सावकाश म्हणाला, "शाळेत हा शब्द म्हणजे मी. छापखान्यातही मीच. आणि माझ्या मुलीच्या डोक्यात हा शब्द पडून आहे, तर त्यात मी नाही." त्याने नाक ओढलं, चष्मा काढून शर्टाला पुसला. "ओळ राहू दे."

"पण बाबा—"

"राहू दे म्हणतो ना."

"अरे, पण मी हातांनी काय म्हणू?" आत्याने विचारलं. "बहिरा कान तर मी दाखवणार नाही."

दादाने भिंगरीकडे पाहिलं. "हिला विचार. लहानपणी मी रागावलो की ही काय करायची?"

भिंगरी ओल्या तोंडाने हसली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

आत्याला एकदम आठवलं. एवढीशी पोर, गाल फुगवलेले, डोळे घट्ट बंद, आणि समोर दादाचे हात हवेत अर्धवट थांबलेले. बहिऱ्या बापाशी भांडायला याहून मोठं हत्यार नव्हतं. तोही हट्टाने समोर बसून राहायचा आणि शेवटी तिच्या पापण्यांवर हलकेच फुंकर मारायचा.

"हे म्हण," दादा म्हणाला. "मी बोलत राहिले आणि तू डोळे मिटलेस. आमच्यात याच्यापेक्षा वाईट काही नसतं. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना कळेल."

"सगळ्यांना? पहिल्या रांगेत तू एकटाच ना?"

"मी एकटा कशाला? मित्रांना सांगितलंय सगळ्यांना. अख्खी रांग आमची."

आत्याच्या पोटात गोळा आला. फुलपाखरं नव्हेत, चांगला आपला जुना गोळा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध दादा आणि वहिनी, दादाच्या बाजूला त्याचा मित्र शिंपी, वहिनींच्या बाजूला केक बनवणारी जाडगेली बाई, आणि पुढे आणखी बरेच. दिवे मंद व्हायच्या आधीपासूनच त्यांच्या गप्पा अशा रंगल्या होत्या, की मागच्या रांगेतल्या लोकांना हातांच्या मधून स्टेज बघावं लागत होतं. आत्याने काळा ब्लाउज घातला होता, हात उठून दिसावेत म्हणून.

भिंगरीने गिटार छेडली आणि आत्याचे हात उठले. चेहऱ्यासमोर पुस्तक उघडलं. शिंप्याने दादाला कोपरखळी मारून काहीतरी विचारलं. दादाने मान हलवून त्याला गप्प केलं. बटणं चुकवणारी बोटं आली तेव्हा दादाच्या शेजारी वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि दादा छताकडे बघू लागला. निळा चंद्र, म्हणजे कधी नव्हे ते, तोही निभावला. दारात विसरलेल्या छत्रीला अख्खी रांग हसली, आणि ते हसू ऐकून भिंगरी गाता गाताच हसली.

दुसऱ्या गाण्यात घात झाला. कडवं संपलं आणि भिंगरी शब्दच टाकून नुसती आलापासारखी गात सुटली. ऊ, ऊ, ऊ. कागदावर हे नव्हतं. आत्याचे हात हवेत राहिले. केकवालीने भुवया उंचावल्या, "पुढे?" आत्याने खूण केली, "शब्द नाहीत." शिंप्याने भिंगरीच्या तोंडाकडे बोट केलं, "हलतंय की! लपवतेस काय?" दादासुद्धा हाताने म्हणाला, "सांग, सांग."

आत्याने क्षणभर भिंगरीकडे कान दिला. आवाज मऊ होता, गोल गोल फिरत होता, कुठेही जायची घाई नसलेला. तिचा हात आपोआप हलला: दुपारच्या निवांत वेळी दुकानात ती मऊ फडक्याने काच पुसायची तसा, हलके, गोल, पुन्हा गोल, मधेच काच उजेडात धरून बघावी तसा थांबून, पुन्हा गोल. पहिल्या रांगेतले हात हळूहळू मांडीवर विसावले.

आणि मग तिसरं गाणं. मी हाका मारत राहिले, आत्याचे हात म्हणाले, कुणाच्या तरी दिशेने पुढे होत, परत येत, पुन्हा पुढे होत. मग तिने तोंड फिरवलं आणि डोळे मिटले.

अंधारात तिला फक्त भिंगरीचा आवाज येत होता. गाण्याच्या वेळी तिने आजवर कधी नुसतं ऐकलं नव्हतं. तिला कायम कुणाला तरी काहीतरी सांगायचं असायचं. ती ओळ भिंगरीने लांबवली. आत्याने डोळे उघडले तेव्हा केकवाली रुमालाने डोळे टिपत होती, शिंपी मान खाली घालून बसला होता, आणि दादा आत्याकडे बघतच नव्हता. तो थेट आपल्या मुलीकडे बघत होता.

गाणं संपलं. मागच्या रांगांतून टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेने मात्र दोन्ही हात उंच करून हवेत हलवले, कारण त्यांच्या टाळ्या अशाच असतात. मागच्या लोकांनी जरा वेळ पाहिलं, आणि मग एकेक करत त्यांचेही हात वर गेले. भिंगरी गिटार धरून उभी होती. तिला रडू येत होतं की हसू, हे तिला स्वतःलाही ठरवता येत नव्हतं.

बाहेर अंगणात वाचनालयाने कॉफी ठेवली होती. तिथे पहिल्या रांगेने भिंगरीला घेरलं. शिंप्याचा मुद्दा बाहीचा होता. त्याला नंतर कुणीतरी मूळ ओळ सांगितली होती. "हृदय बाहीवर? पूर्ण बाही की अर्धी? आणि कापड कुठलं? पातळ असेल तर शिवण धरणार नाही." केकवालीचा मुद्दा आलापाचा. "ती काय पुसत होती?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "पण मला गाताना तसंच वाटत होतं."

"तसं म्हणजे कसं?"

"स्वच्छ," भिंगरी म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

दादा बाजूला कॉफी पीत उभा होता. भिंगरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, सांग ना. कसं झालं?"

दादाने कप खाली ठेवला. "छत्री चांगली. बटणं चांगली. शेवटचं फार चांगलं." मग थोडा विचार करून म्हणाला, "चंद्र फार झाला. एका माणसाला एवढा चंद्र लागत नाही. दोन तरी काढ."

"बाबा! एकच काढेन!"

"दोन."

"चंद्राशिवाय गाणं कसं होईल?"

"छत्रीवर झालं की!"

भिंगरी तावातावाने भांडत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की वहिनी आत्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिच्या गाण्याला हिच्या बापाने आजवर नुसतं छान म्हटलंय हो. पहिल्यांदाच नावं ठेवली. बघा कशी खूष आहे."

मंडळी घरी निघाली. वादाला जोर चढला होता आणि जो तो हात मोकळे करायला बघत होता. केकवालीने आपली पर्स आत्याच्या खांद्याला लावली. शिंप्याने गुंडाळलेली शाल तिच्या दंडावर टाकली. वहिनींनाही दादाच्या चंद्राबद्दल काही म्हणायचं होतं, म्हणून त्यांनी पिशवी तिच्याकडे दिली. दादाने तर न बघताच अंगातला कोट काढून तिच्या हातात कोंबला. सगळे पुढे, हातवारे करत, मधेच थांबत, रस्ता अडवत चालले होते. मागून आत्या, दोन्ही हात सामानाने भरलेले.

कोपऱ्यावर दादा एकदम वळला आणि त्याने विचारलं, "तू सांग! चंद्र जास्त झाला की नाही?"

आत्याने सामान दाखवलं. बोलणार कशाने? आणि तसं बोलायची गरजही नव्हती, कुणीतरी मधे राहून सांगावं असं कुणाचंच काही अडलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे दोघा बापलेकींनी आपापल्या सोयीने ठरवलं, आणि भांडण पुन्हा सुरू झालं.